गोव्यातील स्त्रीची अर्धी मालकी आणि धाकाखाली घेतलेल्या सह्या

संपादक महोदय,

हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याला आणि त्याच्या २००५ च्या दुरुस्तीला धरून असते. महाराष्ट्रातल्या वाचकांना ते उपयोगी पडते. गोव्यात मात्र तो कायदा लागूच नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने इथले पूर्वीचे कायदे चालू ठेवले, आणि लग्न, पती-पत्नीची मालमत्ता व वारसा या बाबतीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली राहिले. त्यातला वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे: गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२. तो २०१६ च्या डिसेंबरमध्ये लागू झाला. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंड्यातल्या बायका सहहिस्सेदारी आणि वडिलोपार्जित हिस्सा असे शब्द वाचून वकिलाकडे येतात आणि गोंधळतात. त्यांचा हक्क यापेक्षा मोठा आहे, पण तो निसटण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. त्या वाटा बहुतेक वेळा मारहाण होणाऱ्या घरातूनच जातात. म्हणून हे सविस्तर पत्र.

मूळ गोष्ट आधी. लग्नापूर्वी रीतसर करार केलेला नसेल, तर गोव्यात लग्न झालेल्या जोडप्याची सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, नंतर घेतलेली, माहेरून वारशाने आलेली, सासरकडून आलेली, सगळी. त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, ज्याला वकील मोइटी म्हणतात. कागद कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणी भरले, याने फरक पडत नाही. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर दोघांची संमती लागते. नवरा वारला की बायकोचा अर्धा भाग वारशात जात नाही, तो आधीपासून तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्याची वाटणी मुलगा-मुलगी असा भेद न करता समान होते. मुले असतील तर मृत्युपत्राने आपल्या भागाचा फक्त निम्मा हिस्सा मनाप्रमाणे देता येतो.

आकड्यात सांगायचे तर घर आणि भाट (माडांची बाग) मिळून ऐंशी लाखांची मालमत्ता असेल, तर चाळीस लाख बायकोचे. नवऱ्याच्या चाळीस लाखांतले वीस लाख तो मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, उरलेले वीस लाख मुलांना मिळालेच पाहिजेत. सगळे घर भावाच्या नावाने लिहून ठेवण्याची धमकी म्हणजे कायद्याने पोकळ धमकी आहे, हे प्रत्येक बाईला ठाऊक हवे.

इतका चांगला कायदा असून बायका रस्त्यावर का येतात? पहिले कारण लग्नाच्या नोंदणीतच आहे.

गोव्यात नागरी नोंदणी कार्यालयात दोन वेळा सह्या होतात. पहिल्या सहीने फक्त लग्नाचा इरादा जाहीर होतो. मग हरकतींसाठी नोटीस लागते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर दोघांनी साक्षीदारांसह पुन्हा जाऊन दुसरी सही केली की लग्न कायद्याने होते. कित्येक घरांत पहिली सही झाली की देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागते, पाहुणे जेवून जातात, मुलगी नांदायला जाते आणि दुसरी सही राहून जाते. कधी आळसाने, कधी मुद्दाम. मारहाण सुरू झाली, ती माहेरी आली, दाखला काढायला गेली की कळते, नोंदीत लग्नच नाही. लग्न नाही म्हणजे अर्धी मालकीही नाही. तेव्हा मुलीच्या आईवडिलांना कळकळीने सांगणे आहे: मंगलाष्टकांच्या तारखेआधी दुसरी सही करून घ्या आणि विवाहाच्या दाखल्याची प्रत मुलीच्या हातात द्या. ती प्रत सासरच्या कपाटात ठेवायची नाही.

दुसरी सही राहिलेली बाई अगदीच निराधार मात्र नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून देशभर लागू आहे, गोव्यातही. त्यात विवाहसदृश नातेही धरले आहे. त्या कायद्याखाली तिला राहण्याचा हक्क, खर्च, नुकसानभरपाई मागता येते. घराचा अर्धा भाग मात्र त्यातून मिळणार नाही.

दुसरे कारण, नाव. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे रीत. विवाह नोंदणीत माहेरचे नाव असते, आधार कार्डावर सासरचे, रेशन कार्डावर तिसरेच. मामलेदार किंवा उपनिबंधकाकडे हक्क सांगायला गेल्यावर ही तीच बाई कशावरून, असा प्रश्न येतो. जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र एकत्र ठेवले की हा अडथळा दूर होतो. भांडण कोर्टात गेल्यावर हे करायला महिने जातात, म्हणून आधी करावे.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि या पत्राचे खरे निमित्त तेच आहे. बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून संमती मारून मिळवली जाते. कायद्याने तिच्या सहीला किंमत दिली, त्या किमतीमुळेच तिच्यावर हात उगारला जातो. कर्जात बुडालेला, जुगारात किंवा दारूत गेलेला, दुसरे घर मांडू पाहणारा, अशा नवऱ्याला एकच गोष्ट हवी असते: बायकोची सही. म्हणून मारहाणीची तक्रार आणि मालमत्तेचे रक्षण ही दोन वेगळी कामे समजू नयेत. तक्रार घेणारा पोलीस, समजूत घालणारे पंच आणि कधी कधी तिचे स्वतःचे वकीलसुद्धा मालमत्तेचे नंतर बघू असे म्हणतात. नंतर पाहायला गेल्यावर तिथे दुसऱ्याचे कुंपण असते.

सही कोणत्या कागदावर घेतली जाते ते ओळखायला हवे. विक्रीखताच्या वेळी निदान उपनिबंधकापुढे उभे राहावे लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त केल्याची कबुली तिथे तिने स्वतः द्यावी लागते. मी हा दस्त केलेला नाही, असे ती तिथे म्हणाली तर तिच्यापुरती नोंदणी नाकारणे अधिकाऱ्याला भाग आहे. म्हणून हुशार नवरे विक्रीखतापासून सुरुवात करत नाहीत. आधी कुलमुखत्यारपत्र घेतात. बँकेच्या कामाला लागते, पंचायतीच्या परवान्याला लागते, असे सांगून. एकदा ते दिले की पुढच्या सगळ्या कबुल्या तो तिच्या वतीने देतो. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी त्यात विक्री, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोड यांपैकी काही शब्द आहेत का, हे वाचून घ्यावे, आणि इंग्रजी येत नसेल तर परक्या माणसाकडून वाचवून घ्यावे, घरच्याकडून नव्हे. सही होऊन गेली असेल तर ते रद्द करता येते. रद्द केल्याचा दस्त करून नवऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यावी, त्याची प्रत ज्या तालुक्यात जमीन आहे तिथल्या उपनिबंधकाकडे पोच घेऊन द्यावी, आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी. पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी, कारण पुढे व्यवहार झालाच तर घेणाऱ्याला माहीत होते, हे त्यावरून दाखवता येते.

धाकाने घेतलेली सही न्यायालयात रद्द करता येते, पण दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे. ज्या दिवशी सही घेतली त्या आठवड्यातली पोलीस तक्रार, आरोग्य केंद्रातला उपचाराचा कागद, बहिणीला पाठवलेला संदेश, यांपैकी काही असेल तर दावा उभा राहतो. काहीच नसेल तर तिचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढेच उरते. दवाखान्याने अशा बाईला उपचार नाकारायचे नाहीत, हेही २००५ च्या कायद्यात लिहिले आहे. जखम कशाने झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे. न्हाणीत पडले, असे सांगितले की कागदावर तेच उमटते.

आता अर्जाकडे वळू. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज कलम १२ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. तो स्वतः करता येतो, वकिलामार्फत करता येतो किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. बाई सध्या जिथे राहते, भले तात्पुरती, तिथल्या न्यायालयात तो चालतो. केप्यात मारहाण झाली आणि ती म्हापशाला भावाकडे आली, तर अर्ज म्हापशाला करता येतो. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, आणि अर्जाच्या वेळी ती त्याच घरात राहत असलीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केले. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. साठ दिवस पाळले जात नाहीत. त्यामुळे कलम २३ खालचा अंतरिम आदेश हाच खरा आधार. प्रतिज्ञापत्र पुरेसे बोलके असेल तर तो आदेश समोरच्याला न ऐकताही देता येतो.

अर्ज भरताना होणारी चूक अशी. छापील नमुन्यात पोटगीच्या रकान्यावर खूण केली जाते, संरक्षणाच्या रकान्यावर केली जाते, आणि मालमत्तेचे रकाने कोरे राहतात. कलम १९ खाली सामाईक घर, म्हणजे दोघे एकत्र राहिलेले घर, विकण्यास, कोणाला देण्यास किंवा त्यावर बोजा चढवण्यास मनाई मागता येते, नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश मागता येतो, वेगळी जागा किंवा भाडे मागता येते. पण एवढ्यावर थांबू नये. कलम १८ मध्येही कोणतीही मालमत्ता विकणे, बँकेची खाती किंवा लॉकर चालवणे यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय बंदी घालण्याची तरतूद आहे. ती आवर्जून मागावी. कारण कलम ३१ प्रमाणे शिक्षा होते ती संरक्षण आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १८ खाली मनाई मिळवली की तिचा भंग हा सरळ गुन्हा ठरतो. निव्वळ कलम १९ वर विसंबले तर या मुद्द्यावर वाद घालायला समोरच्या वकिलाला जागा मिळते.

मालमत्तेचे वर्णन नेमके हवे. माझ्या नवऱ्याचे घर व जमीन, असे लिहिलेला आदेश उपनिबंधकाच्या टेबलावर काही कामाचा नसतो. गाव, तालुका, सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग लिहावा, शहरात भूमापनातला चलता नंबर आणि पी. टी. शीटचा क्रमांक, फ्लॅट असेल तर इमारत, मजला आणि करारनाम्याचा नोंदणी क्रमांक. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, कोणालाही काढता येतो, त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. पंचायतीतला घरपट्टीचा क्रमांक आणि वीजबिल जोडावे. आदेश मिळाला की त्याची प्रत न्यायालयाकडून मोफत मिळते. त्या प्रती उपनिबंधक, मामलेदार, कर्ज असेल तर बँक आणि सोसायटी असेल तर सोसायटी यांना पोच घेऊन द्याव्यात. आदेश नवऱ्यावर बंधनकारक असतो, पण कार्यालयाला तो माहीतच नसेल तर व्यवहार होऊन जातो आणि मग वर्षानुवर्षे तिसऱ्या माणसाशी भांडत बसावे लागते.

नवऱ्याची मालमत्ता कुठे कुठे आहे हेच बायकोला ठाऊक नसते. यावर गोव्यात एक वाट आहे, जिचा वापर फार कमी होतो. आयकर कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ), सामाईक मालमत्ता असलेल्या गोमंतकीय जोडप्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे भाडे, व्याज, धंद्याचा नफा, जमीन विकल्याचा लाभ, निम्मे-निम्मे दाखवावे लागते, आणि विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल ५अ असते. बायकोच्या नावे उत्पन्न दाखवून कर वाचवणारा नवरा कोर्टात तिचा काही संबंध नाही असे म्हणतो, तेव्हा हे शेड्यूल त्याच्यासमोर ठेवता येते. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आहे. ते प्रतिज्ञापत्र आणि शेड्यूल ५अ समोरासमोर ठेवून वाचावे.

सीमेपलीकडच्या जमिनीकडेही लक्ष हवे. गोव्यातली कुटुंबे दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, बेळगाव भागात जमीन घेतात. तिथल्या दुय्यम निबंधकाला गोव्याची सामाईक मालमत्तेची पद्धत ठाऊक नसते. तो नवऱ्याच्या एकट्याच्या सहीवर दस्त नोंदवतो. गोमंतकीयाचा वारसा, मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी, गोव्याच्या कायद्यानेच ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जुझे पावलो कुतिन्यो प्रकरणात दिला. विधवेने आणि मुलींनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. पण नवरा जिवंत असताना तो तिकडची जमीन विकत असेल, तर धाव घेण्याची जागा वर सांगितलेला कलम १८ चा अर्जच.

घर आमचे आहे, तिचा काय संबंध, असे सासू-सासरे म्हणतात. गोव्यात जुनी घरे चार-पाच भावांच्या अविभक्त मालकीची, मात्रीज (जुनी महसुली नोंद) पणजोबांच्या नावावर, त्यामुळे हे बोलणे नेहमीचेच. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर अहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ते सामाईक निवास ठरू शकते. त्यानंतर सुनेला घराबाहेर काढण्यासाठी काही सासरच्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याची वाट धरली. त्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, एस. वनिता प्रकरणात, त्या कायद्याचा वापर करून सुनेचा निवासाचा हक्क बुडवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना खरोखर त्रास असेल तर न्यायालय दोन्ही बाजू तोलते आणि सुनेला वेगळी जागा देववते. ते योग्यच आहे.

माहेरच्या मालमत्तेचेही सांगायला हवे, कारण मारहाणीचा एक मोठा उगम तिथे आहे. मुलगी भावाइतकीच वारस. पण तिला मिळालेला हिस्सा तिच्या लग्नाच्या सामाईक मालमत्तेत जातो, म्हणजे त्यातही नवऱ्याचा अर्धा. म्हणून नवरा तिला हिस्सा मागायला माहेरी पाठवतो, भाऊ वाट अडवतात, आणि मार तिला बसतो. जाचात असलेल्या लेकीला आईवडील काही देणार असतील, तर बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात ही मालमत्ता पती-पत्नीच्या सामाईकात मिसळणार नाही अशी अट घालता येते. मृत्युपत्राने आपल्या मर्जीने देता येणाऱ्या भागापुरती ही अट निर्धोक असते, हे वकिलाकडून तपासून विशेष नोटरीसमोर (गोव्यात असे दस्त करणारा सरकारी अधिकारी) दस्त करावा. ही एक ओळ नसल्याने आईवडिलांच्या कष्टाचे अर्धे कुळागर मारणाऱ्या जावयाकडे जाते.

भावांनी बहिणींकडून घ्यायची सही तर गोव्यात सर्रास. बाप जिवंत असताना, लग्नात खर्च केला ना, म्हणून कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर हक्कसोड लिहून घेतात. जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही. ती सही कायद्याने निरर्थक आहे. बापाच्या मृत्यूनंतर विशेष नोटरीसमोर केलेली हक्कसोड मात्र पक्की. ती अर्धवट किंवा अटीवर करता येत नाही, आणि एकदा केली की मागे घेता येत नाही. भाऊ पुढे सांभाळेल, या तोंडी शब्दावर ती करणे म्हणजे संकटाच्या दिवशी परतायचे दार स्वतःच बंद करणे. बापाने एका मुलाला घर विकले असेल, तर इतर मुलांच्या संमतीशिवाय केलेल्या अशा विक्रीला पोर्तुगीज संहितेचे कलम १५६५ आड येते, हेही लक्षात असू द्यावे.

वारसा दाखल्याचा दस्त झाला की २०१२ च्या कायद्याच्या कलम ३४६ प्रमाणे वृत्तपत्रात सूचना येते. आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानांवर त्या बारीक टायपात छापल्या जातात. मयत अमुक, त्यांच्या मागे वारस म्हणून फक्त अमुक आणि तमुक, आणि बहिणीचे नाव गायब. घरातल्या मृत्यूनंतर वर्ष-दीड वर्ष या सूचना वाचत राहाव्यात. नाव वगळले असेल तर दस्ताला आव्हान देता येते, आणि मामलेदारांकडे म्युटेशनवर, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलावर, लेखी हरकत घेता येते. म्युटेशनची नोटीस ज्या पत्त्यावर जाते तिथे भाऊ राहत असतो, बहीण नव्हे, हे विसरू नये.

घटस्फोटानंतर किंवा मृत्यूनंतर वाटणी होते ती दिवाणी न्यायालयातल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या कार्यवाहीत. तिथे मालमत्तेची यादी कारभारी देतो. यादीत सोने, ठेवी, सीमेपलीकडची जमीन आहे की नाही, हे बाईच्या बाजूने तपासलेच पाहिजे. वाटणीवर एकमत नसेल तर हक्कदारांमध्ये बोली लागते, आणि रोख रक्कम हातात असलेला घर घेऊन जातो. बाईच्या वाट्याला पैसे येतात, तेही यादीत लावलेल्या जुन्या, पडत्या किमतीवर. म्हणून बोलीआधी फेरमूल्यांकनाचा अर्ज द्यावा. इथे चांगला वकील लागतो. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार. फोन १५१००.

मूल नसलेल्या बाईची स्थिती मात्र नाजूक. अर्धे तिचे, पण नवऱ्याचे अर्धे त्याच्या आईवडिलांकडे, ते नसतील तर भावंडांकडे आणि पुतण्यांकडे जाते, बायको त्यांच्यानंतर. त्यातून दिरांचा जाच सुरू होतो. मुले नाहीत आणि आईवडीलही हयात नाहीत, अशा जोडप्याला एकमेकांच्या नावे सर्व मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते. ते विशेष नोटरीकडे जाऊन आजच करावे.

देशभर गोव्याच्या समान नागरी कायद्याचा गौरव होतो. त्याच संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे ठेवला आहे, हे कोणी सांगत नाही. भाडे तो गोळा करतो, ठेवी तो मोडतो. कारभारात मालमत्ता बुडत असेल तर बायकोला न्यायालयाकडून मालमत्ता वेगळी करून घेता येते, पण तोवर बरेच गेलेले असते. हे कलम बदलायला हवे, आणि ते काम गोवा विधानसभेचे आहे.

विधानसभेची वाट न पाहता काही गोष्टी खात्यांना करता येतील. नोंदणी कार्यालयाने पहिल्या सहीच्या दिवशी वर-वधू दोघांना, दुसऱ्या सहीशिवाय लग्न कायदेशीर नाही, असा मराठी-कोंकणी कागद हातात द्यावा. संरक्षण अधिकाऱ्याचे काम गोव्यात गटविकास अधिकाऱ्यांवर सोपवले गेले. पंचायतींचा कारभार सांभाळून मारहाणीची चौकशी आणि नोटिसा बजावणे नीट होत नाही. प्रत्येक तालुक्याला या कामासाठीच नेमलेला अधिकारी हवा. एक-चौदाच्या उताऱ्यावर विवाहित माणसाच्या नावापुढे जोडीदाराचे नाव आपोआप चढायला हवे. आणि विक्री, गहाण, कुलमुखत्यारपत्र किंवा हक्कसोडीच्या दस्तावर विवाहित स्त्रीची सही असेल, तर उपनिबंधकांनी आणि नोटरींनी नवरा, दीर, भाऊ, दलाल यांना बाहेर बसवून तिला एकटीला पाच मिनिटे विचारावे: हा कागद कशाचा आहे, यातून काय जाणार आहे, पैसे कोणाच्या खात्यात येणार आहेत. उत्तर देता आले नाही तर दस्त त्या दिवशी घेऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, खात्याचे एक परिपत्रक पुरे.

— कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करणाऱ्या काही वकील व कार्यकर्त्या, डिचोली